घरी ऊस, वर्गात शाश्वत शेती

सोलापूर जिल्ह्यातल्या एका खाजगी कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या तरुण सरांचं पत्र आलंय. नाव, गाव, कॉलेज सगळं काढून थोडक्यात सांगते. सर तासिका तत्त्वावर आहेत, दुसरं वर्ष. यंदा सेंद्रिय शेती आणि कोरडवाहू शेतीचे विषय त्यांच्या वाट्याला आले. एका तासाला शाश्वत शेती, पाण्याचा जपून वापर, पीकपद्धतीत बदल असं सगळं रंगात येऊन सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरनं एका पोरानं विचारलं, "सर, तुमच्या घरी काय लावलंय?" घरी कालव्याखाली चार एकर ऊस आहे. सरांनी खरं ते सांगितलं आणि वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून त्या वर्गात जायचं म्हणलं की पोटात गोळा येतो म्हणतात. विभागप्रमुख म्हणतात सिलॅबस वेळेत संपवा, पोरं म्हणतात नोट्स द्या आम्हाला एमपीएससी करायचीय, आणि घरी विषय काढला तर वडील म्हणतात ऊस एवढा वाईट तर तुझी फी कुठनं आली? सर विचारतात की असं असताना हा विषय शिकवायचा मला अधिकार तरी आहे का? का नोट्स देऊन मोकळं व्हावं? का सरळ नोकरी सोडून आपणही परीक्षेला बसावं?

सर (वयानं मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी, तरी सरच म्हणते, कॉलेजात गेटवरच्या वॉचमनपासून सगळे तेच म्हणत असतील, मग मीच का वेगळं बोलू),

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चार पानांत 'ऊस' हा शब्द एकवीस वेळा आलाय. 'माती' दोनदा. 'मजूर' एकदाही नाही. शाश्वत शेती शिकवणाऱ्या माणसाच्या पत्रात असं का झालं असेल ह्याचा विचार करत बसले, आणि मला वाटतंय तुमची खरी अडचण तुम्ही ढोंगी आहात ही नाहीये, तुम्ही हा विषय चांगली पिकं विरुद्ध वाईट पिकं असा करून टाकलाय ही आहे. एकदा तसं केलं की मग चांगल्या पिकाचा माणूस आणि वाईट पिकाचा माणूस हे आलंच, आणि घरी ऊस असलेला मास्तर आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून बोलते. मी शेती विस्ताराच्या कामात तीस वर्षं घालवली. त्या काळी आमच्याकडं उसाला पर्याय काय विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, डाळिंब. पाणी कमी लागतं, हलक्या मुरमाड रानातही येतं, भाव चांगला, एक्सपोर्ट होतंय. सांगोल्याकडं लोकांनी डाळिंबावर बंगले बांधले हे खोटं नाही. माझ्या सासरच्या एका पाव्हण्यांना मीच आग्रह करून तीन एकर भगवा, म्हणजे डाळिंबाचं लालभडक वाण, लावायला लावला. चार वर्षं उत्तम गेली, दिवाळीला पेटी घरपोच यायची. मग तेल्या आला, फळाला काळे तेलकट डाग पाडणारा रोग. त्यानंतर मर, म्हणजे झाडंच वाळायला लागली, त्यानंतर खोडाला भोकं पाडणारा तो पिन होल बोरर किडा. पाव्हण्यांनी दुकानदार सांगेल ते फवारलं, आठवड्यातनं दोन-दोनदा, आणि बाग वाचवायला आणखी एक बोअर मारलं, तेही कोरडं गेलं. शेवटी जेसीबीनं बाग काढली. ते मला कधी काही बोलले नाहीत पण पेटी यायची बंद झाली ती झालीच.

ह्यावरनं डाळिंब वाईट असं काही म्हणायचं नाही मला. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, नीट ताण धरून (बहाराआधी पाणी तोडून), बहार सांभाळून, बागेत स्वच्छता ठेवून टिकवलेल्या बागा आजही आहेत. माझी चूक वेगळी होती. मी एक पीक 'शाश्वत' म्हणून सांगितलं आणि पुढचा हिशेब केलाच नाही. आजूबाजूची सगळी राने एकाच पिकाखाली गेली तर रोग कसा पसरेल, वर्षानुवर्षं बोअर किती खाली जाईल, फवारणीचा खर्च कुठं जाऊन थांबेल, ह्यातलं एकही मी विचारलं नव्हतं.

शेततळ्याचंही तसंच आहे बघा. शेततळं म्हणलं की फोटोत एकदम शाश्वत दिसतं, निळं निळं पाणी. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरलं तर उत्तमच. पण आपल्याकडं कितीतरी तळी बोअरच्या पाण्यानं भरली जातात. म्हणजे जमिनीखाली सावलीत गार पडलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं आणि प्लॅस्टिकवर उन्हात वाळत घालायचं. तीस मीटर बाय तीस मीटरचं तळं धरा, मे महिन्याच्या उन्हात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडतंय असं धरा, रोजचे नऊ हजार लिटर गेले. हे गणित फळ्यावर पोरांकडनं करून घेतलंत तर पाच मिनिटं लागतात आणि वर्गात कुणाला झोप येत नाही. (आमच्या काळी येत होती. दुपारच्या अडीचच्या तासाला मी स्वतः झोपलेय, पत्र्याच्या शेडमध्ये, बेचाळीस डिग्रीत.)

आता उसाकडं येऊ. ऊस टाळून तुम्हाला पुढं जाताच येणार नाही आणि जाऊही नका. सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वर्षभराच्या उसाला, हेक्टरी २५० हेक्टर-सेंटीमीटरच्या आसपास पाणी लागतं हे तुम्हीच शिकवता, पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या आडसालीला त्याहून बरंच जास्त. पोरं हा आकडा पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात, कारण हेक्टर-सेंटीमीटर ही काय कुणाच्या घरात बोलायची गोष्ट नाही. तुम्ही ते लिटरमध्ये करा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण चार हजार लिटर. आपल्या जिल्ह्यात बऱ्यापैकी वर्षी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडतो, तो एकरी वीस-बावीस लाख लिटर झाला. आणि सुरू उसाचं एकरी पाणी येतं एक कोटी लिटर. म्हणजे एक एकर ऊस उभा करायला जवळपास पाच एकरांवरचा सगळा पाऊस लागतो, थेंबही वाया न घालवता. उरलेल्या चार एकरांचा पाऊस कुठनं आणला? कालव्यातनं, नदीतनं, बोअरमधनं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरनं. आता उजनीचा आकडा घ्या. धरण भरलं की एकशे सतरा टीएमसी, त्यातले साधारण त्रेसष्ट टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, कालव्याला सहज न मिळणारं पाणी; पाणी त्याच्याही खाली गेलं की लोक धरण 'मायनस'मध्ये गेलं म्हणतात. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर. मधली गळती, बाष्पीभवन सगळं सोडून दिलं तरी एका टीएमसीत उसाचे अठ्ठावीसशे एकर. बास, एवढंच लिहायचं आणि खडू पोरांच्या हातात द्यायचा. 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर ऐकणारी पोरं आहेत ती, त्याचा अर्थ त्यांना स्वतः काढता येतो. तुम्ही ऊस वाईट असं एकदाही म्हणायचं नाही.

पण इथं थांबलात तर ते परत कीर्तनच होईल, म्हणून दुसरी बाजू त्याच फळ्यावर मांडा. तुमच्या वडिलांनी ऊस का लावला? त्यांना पाणी कळत नाही म्हणून? चाळीस वर्षं रात्री-बेरात्री लाईट आली की उठून पिकाला पाणी द्यायला दारं धरणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. ऊस लावला कारण उसाला घेणारा आहे. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ३५५ रुपये क्विंटल, तोडणी-वाहतूक त्यातनंच कापली जाते, बिल कधी लटकतं, साखर उतारा कमी लागला की भांडणं होतात, सगळं खरं. तरी तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, वजन होतं, पैसे बँकेत येतात आणि त्या पैशावर गावच्या सोसायटीचं पीककर्ज मिळतं. गारपीट झाली तरी ऊस पूर्ण जात नाही. ह्याउलट मालदांडी ज्वारीचा त्याच वर्षाचा हमीभाव ३७४९ रुपये क्विंटल जाहीर झालेला आहे, पण त्या भावानं घेणारा माणूस तुमच्या रानात किती वेळा आला? कांद्याचं तर बोलायलाच नको, सोलापूरच्या मार्केट यार्डात गाडी घेऊन गेलेला शेतकरी रात्री परत येताना हसत असेल का रडत असेल हे सकाळी निघताना ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणजे ऊस हा पाण्याचा प्रश्न आहेच, पण त्याच्या आधी तो जोखमीचा प्रश्न आहे. जोखीम बाजूला ठेवून शाश्वत शेती शिकवली तर शेतकऱ्याच्या पोराला ती शहरातल्या माणसाची हौस वाटते. आणि मला विचाराल तर त्याचं बरोबर आहे.

म्हणून त्या मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न. तुम्हाला तो टोमणा वाटला. असेलही, त्या वयात टोमणे मारायचेच असतात. पण प्रशिक्षणं घेत फिरताना तीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न फार थोड्या वेळा कुणी विचारला. तुम्ही खरं सांगितलंत हे लई चांगलं झालं, फक्त सांगून गप्प बसलात ते चुकलं. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे आपल्या मनात इतकं बसलंय की ज्यानं स्वतः केलं नाही त्यानं बोलूच नये असं वाटतं. पण वर्ग म्हणजे प्रवचनाचा मांडव नाही. तुमच्या घरचा चार एकर ऊस म्हणजे फुकटात मिळालेलं प्रात्यक्षिक आहे हो! त्याचं पाणी तुम्हाला माहीत, खताच्या बॅगा माहीत, बिल माहीत, कर्ज माहीत, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटून येणाऱ्या पुढच्या पिकाला, काय होतं तेही माहीत. असं रान कुठल्या पुस्तकात मिळणार?

पुढच्या तासाला वर्गात जा आणि म्हणा, त्या दिवशी तू विचारलंस ना, ये इकडं, घे खडू, आज माझ्या घरच्या उसाची वही उघडू. वडिलांची परवानगी आधी काढा मात्र. आणि वडिलांशी बोलताना ऊस मोडा असलं काही म्हणू नका, चार एकर मोडून तुम्ही त्यांना काय देणार आहात, तासिकेचं मानधन? त्यांच्याकडं फक्त अर्धा एकर खोडवा मागा. त्यातलं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेला वाळका पाला, पेटवायचं नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते काडीपेटीनं दहा मिनिटांत जातं. तेच बारीक करून सरीत दाबलं, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं तर ओल टिकते, तण दबतं, पुढं जाऊन माती भुसभुशीत होते. शेजारच्या अर्ध्या एकरात वडिलांना जे करायचं ते करू दे. पाण्याच्या पाळ्या मोजा, खुरपणीची मजुरी मोजा, वजन मोजा. उलटं निघालं, पाचटात उंदीर झाले किंवा फुटवे कमी आले, तर तेही वर्गात जसंच्या तसं सांगा. हे ऊस न सोडता करता येतं आणि हीसुद्धा शाश्वत शेतीच आहे, ह्याचा विचार तुमच्या पत्रात कुठंच दिसला नाही.

ठिबकचंही एकदा उलगडून दाखवा पोरांना. ठिबकनं उसाचं पाणी तीस-चाळीस टक्के वाचतं हे सगळे सांगतात. मग विचारा, वाचलेल्या पाण्याचं तुमच्या गावात काय झालं? बहुतेक ठिकाणी आणखी दीड एकर ऊस झाला. शेतकऱ्याचं भलं झालं, नदीचं नाही. ह्यात चूक कुणाची हे ठरवायला जाऊ नका, एक तास नुसता वाद घालू द्या.

आता सिलॅबसची तक्रार. खरं सांगू, मला ती फार पटली नाही. कोरडवाहू शेती आणि पाणलोट, कृषी हवामान, सेंद्रिय शेती हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. अडचण एवढीच की प्रत्येक विषयात दोन-दोन धडे आहेत आणि पोराला ते एका रानात एकत्र बघायला कुणी लावत नाही. मृदाशास्त्राचे सर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातनं मातीत येणारा कार्बन) शिकवतात, कीटकशास्त्राच्या मॅडम मित्रकीटक शिकवतात, अर्थशास्त्राचे सर खर्च-नफा काढायला लावतात, आणि पोरगं घरी जाऊन वडिलांना तणनाशकाची बाटली आणून देतं. तुम्ही तासिकेवरचे आहात, नवीन पेपर काढायला तुम्हाला कुणी देणार नाही. पण प्रॅक्टिकलची वही तर तुमच्या हातात आहे. जीवामृत ह्या शेण-गोमूत्राच्या खताची कृती आणि दशपर्णी अर्क ह्या पाल्याच्या कीडनाशकाची कृती वहीत उतरवून घेण्यापेक्षा एकेका पोराला एकेका रानाचा हिशेब द्या, एक हंगाम, एक रान. पाणी किती आलं, किती गेलं, विकत काय आणलं, विकलं काय, मातीतनं काय गेलं आणि मातीत परत काय आलं. मातीचं आरोग्य कार्ड गावात बहुतेकांकडं असतं, २०१५ पासून वाटतायत, कपाटात साडीखाली ठेवलेलं असतं ते बाहेर काढायला लावा. एका सेमिस्टरमध्ये सेंद्रिय कर्ब काही वाढून दिसणार नाही, त्याला वर्षं लागतात. पण मातीचं वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात सोडलं तर ते लगेच विरघळतं का धरून राहतं हे तर दिसतं, दोन रानांतली दोन ढेकळं शेजारी शेजारी ठेवा आणि बघा पोरं काय काय विचारतात ते.

एक सांभाळा पण. 'आपापल्या घरच्या रानाचा हिशेब आणा' असं सरसकट म्हणू नका. वर्गात बिनजमिनीच्या घरातली पोरं असतात, कर्जात बुडालेल्या घरातली असतात, कोयता घेऊन दर हंगामाला बाहेर जाणाऱ्या आई-बापांचीही असतात, आणि पोरींना तर घरच्या सातबाऱ्यावर किती क्षेत्र आहे हे पुष्कळदा कुणी सांगितलेलंही नसतं. रान कुणाचंही चालेल, मामाचं, शेजाऱ्याचं, कॉलेजच्या फार्मचं. आणि नावं वर्गात वाचायची नाहीत. ऊस तोडणाऱ्या घरातलं पोरगं वर्गात असेल आणि त्याला बोलावंसं वाटलं तर त्याला बोलू द्या, 'शाश्वत कुणासाठी' हा प्रश्न त्याच्याइतका नीट दुसरं कुणी विचारणार नाही. मी सुरुवातीला मजूर हा शब्द शोधत होते तो ह्याच्यासाठी.

रावेबद्दल, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींनी गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या त्या कार्यक्रमाबद्दल, तुम्ही एक ओळ लिहिलीय, 'ते तर नुसतं फोटोसेशन आहे.' मान्य. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात येतात, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो, बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं, प्रात्यक्षिक होतं, बॅनरमागं उभं राहून फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. गावाला बोर्डो मिश्रण पाठ झालंय हो आता, दरवर्षी तेच बघतायत. पण तेवढे आठवडे पोरं गावात असतात ही केवढी मोठी गोष्ट आहे. शेवटच्या वर्षाच्या चार-पाच पोरांना तुम्ही एवढंच सांगा की प्रात्यक्षिकं करा, फोटोही काढा, मार्क लागतात, पण रोज संध्याकाळी एकाच शेतकऱ्याकडं जा आणि त्याच्या विहिरीची पाणीपातळी दोरी सोडून मोजा. आणि ऐका. शिकवू नका.

आणि एमपीएससी. पोरांना त्यातच रस आहे, हा विषय नको आहे, असं तुम्ही धरून चाललाय. परीक्षा देणाऱ्यांतले किती अधिकारी होतात हे तुम्हाला माहीतच आहे. बाकीची कुठं जातात? बऱ्याच जणांचा बाप म्हणतो डिग्री आहे, लायसन मिळतंय, कृषी सेवा केंद्र, म्हणजे खतं-औषधांचं दुकान टाक. आणि मग तुमच्या वर्गातला मागच्या बाकावरचा गडी काउंटरमागं बसतो, समोर शेतकरी हातात पिवळं पडलेलं पान घेऊन उभा असतो आणि विचारतो, मालक काय मारू? त्या अर्ध्या मिनिटात तो पान उलटं करून बघतो का थेट मागच्या फळीवरची महागातली बाटली काढतो, माझ्या दृष्टीनं तुमच्या विषयाची परीक्षा ती. तुमच्या वडिलांचे चार एकर राहू द्या, ह्या एका पोराच्या हातून वर्षाला कितीतरी एकरांवर काय फवारायचं ते ठरणार आहे. तेव्हा नोट्स द्या, जरूर द्या, मार्क हे पण त्यांचं पोट आहे, त्यात कमीपणा नाही. पण अंतर्गत परीक्षेला 'शाश्वत शेतीची व्याख्या लिहा' ऐवजी एक पिवळं पान द्या आणि विचारा, औषध सांगायच्या आधी शेतकऱ्याला कोणते पाच प्रश्न विचाराल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला थोडं घाबरवलं. 'कधी कधी वाटतं सगळं सोडून गावोगाव जाऊन रासायनिक शेतीविरुद्ध बोलावं.' राग समजतो. पण श्रीलंकेचं उदाहरण पोरांना शिकवा आणि स्वतःही लक्षात ठेवा. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, शेणखत-कंपोस्ट तेवढं कुठनं येणार ह्याचा पत्ता नव्हता, भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागं घ्यावी लागली. सेंद्रिय शेतीचं त्यानं जितकं नुकसान केलं तितकं खत कंपन्यांनीही केलं नसेल. आणि दुसरं, व्यवहाराचं. आपल्या भागात कॉलेज कुणाचं आणि कारखाना कुणाचा हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ठरलेली वही, ठरलेलं प्रॅक्टिकल आणि आकडे ह्यांना कुणी हरकत घेत नाही, भाषणाला घेतात. तुमची नोकरी वर्षा-वर्षाची आहे, शहीद होऊन कुणाचं भलं होत नाही. ह्याला कुणी भित्रेपणा म्हणेल, म्हणू दे.

नोकरी सोडायची का, ह्याचं उत्तर मी देणार नाही, तुमच्या घरची चूल मला माहीत नाही. परीक्षेचा फॉर्म भरा, त्यात काही गैर नाही. पण वर्ग हसला म्हणून भरत असाल तर अजून दोन महिने थांबा.

त्या दोन महिन्यांत एक करा. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, देशात अगदी सुरुवातीला ज्या थोड्या ठिकाणी हे काम सुरू झालं त्यातलं एक आपलं गाव, आणि इथली पोरं शिकून बाहेर पडतात तरी त्यांना ते माहीत नसतं. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण स्वातंत्र्याच्याही आधी मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं, आजही रब्बीत त्याचं नाव निघतं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला मानांकन आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती ह्याच काळ्या रानातल्या धान्याची. बी आणि खत एकदम पेरणारी दोन चाड्यांची पाभर, पेरणीच्या आधी पावसाळ्यात रानात कप्पे पाडून पाऊस जागच्या जागी मुरवणं, पिकाच्या ओळींतली माती हलवणाऱ्या तीन कोळपण्या, 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' हे म्हातारे म्हणायचे ते, भेगा बुजल्या की ओल उडत नाही हे त्यामागचं शास्त्र. शाश्वत शेती हा काही परदेशातनं आलेला विषय नाहीये, तुमच्या कॉलेजच्या कुंपणापलीकडं तो शंभर वर्षं होत आलं तरी चालू आहे, आपण फक्त त्याला मागासलेल्यांची शेती म्हणून नाव ठेवलं. पोरांना सोलापूरच्या त्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर घेऊन जा. आधी पत्र द्या, केंद्रातली माणसं दाखवतात, त्यांनाही कुणी विचारलं की बरं वाटतं.

हे वाचणाऱ्या इतर सर-मॅडमांनाही तेच, मृदाशास्त्राच्या असा नाहीतर अर्थशास्त्राच्या, एक रान ठरवून तिघं-चौघं मिळून पोरांना त्याच बांधावर घेऊन जा, एकटं सगळं ओढत बसू नका. आणि हे वाचणारी पोरं असतील तर त्यांनी तो प्रश्न विचारत राहावा, सरांच्या घरी काय लावलंय. फक्त हसू नये.

ज्वारीच्या पेरणीची घाई पंधरा सप्टेंबरपासून सुरू होते, त्यामुळं कप्प्यांत पाणी धरलेलं बघायचं असेल तर त्याच्या आधीचा, आदल्या दिवशी पाऊस झालेला एखादा सकाळचा वेळ पकडा. काळ्या रानात चप्पल घालून कुणी येऊ नका, चिखलात अर्धी पोरं चपला शोधत बसतील. त्या मागच्या बाकावरच्याला दोरी आणि टेप धरायला द्या. आणि पाण्याच्या बाटल्या ज्यानं त्यानं आपापल्या घरनं भरून आणायच्या, हे आदल्या दिवशीच सांगा.